कागदावर सही करण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

सीमेवर आपली किती माणसे गेली आणि ती कशासाठी गेली, असे पारावर विचारणाऱ्या मुलाला देशद्रोही ठरवून त्याच्या घराशी व्यवहार तोडण्याचा कागद गावात फिरतो आहे आणि त्यावर बाबांचीही सही मागितली आहे, एवढेच काल फोनवर कळले. पुढचे नीट ऐकू आले नाही, म्हणून लिहिते.

बाबा, युद्धकाळात बोलण्याला मर्यादा हवी, हे मलाही मान्य आहे. फौज कोठे हलते आहे याची खबर जो शत्रूला पोचवतो त्याची बाजू मी घेणार नाही. देशाविरुद्धच्या युद्धाला साहाय्य करणाऱ्याला आपल्या कायद्यात फाशीपर्यंत शिक्षा आहे. पण त्या मुलाने खबर दिली नाही, हिशेब विचारला. जानेवारी १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हिंसेची चिथावणी किंवा अव्यवस्था माजवण्याचा रोख नसेल, तर सरकारवरची कडक टीकाही राजद्रोह ठरत नाही. त्याच ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले, आणीबाणी लागली आणि भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण स्थगित झाले. लढाई महिन्याभरात थांबली. आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत राहिली. मला भीती वाटते ती या लांबलेल्या वर्षांची.

आई, लहानपणी तू मला पवनारला धाम नदीकाठी नेले होतेस. त्याच गावात १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण केले, इंग्रजांच्या लढाईला माणूस आणि पैसा देऊ नका असे सांगितले, आणि चार दिवसांनी त्यांना अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. युद्धात गुंतलेल्या सरकारची कोंडी होऊ नये म्हणून गांधीजींनी तो सत्याग्रह एकेकट्या माणसापुरताच ठेवला होता. म्हणजे मर्यादा त्यांनीही पाळली, पण स्वतःहून. त्या वेळी राज्य परक्यांचे होते, आता आपले आहे, असे बाबा म्हणतील. मग आपल्याच सरकारला विचारायला तर अधिक मोकळीक हवी ना?

त्या मुलाची आई दरवर्षी आपल्या शेतात वेचणीला येते. कागदावर सही झाली, तर यंदा तिला बोलावता येणार नाही, हेही त्यात लिहिले आहे का, ते बाबांनी एकदा वाचून पाहावे. मी शनिवारच्या गाडीने येते. तोवर कागद घरात ठेवून घ्या.

तुमची लेक