पश्चिमेची काच

इंदूर,
१२ जून

प्रिय अव्या,

प्लॉटचा नकाशा मिळाला, तीनदा पाहिला. आणि त्यावर तुझा प्रश्न काय, तर सोलर किती किलोवॅटचं लावू! अरे लेका, पाया खणायच्या आधी हे विचारणं म्हणजे पानं मांडायच्या आधीच विड्याची चौकशी. सोलरचं शेवटी सांगतो. आधी माझी फजिती ऐक.

आमचा रस्ता पश्चिमेला, म्हणजे घराचं तोंडही तिकडेच. आर्किटेक्टने झोपायच्या खोल्या पूर्वेला नेल्या आणि पश्चिमेला जिना, बाथरूम, कोठीची खोली ठेवली. उन्हाचा मार त्यांनी खायचा. इथवर सगळं शहाणपणाचं. मग मला हुक्की आली, जिन्याला दोन मजले उंच काच हवी! ती बाई दोनदा नको म्हणाली. मी म्हटलं, घर समोरून उठून दिसेल.

दिसतंय. मे महिन्यात आई चार वाजता गच्चीवरच्या कुरडया आणायला निघाली, स्टीलच्या कठड्याला हात लावला आणि चटका बसून तशीच खाली आली. दुसऱ्या दिवसापासून कठड्याला ओला पंचा गुंडाळलेला. मी आतून जाड पडदा लावून पाहिला. पडदाच तापायचा आणि जिना तसाच भट्टी. काचेतून आत आलेलं ऊन मग घरातच मुरतं, ते बाहेरच अडवावं लागतं. आता बाहेरून बांबूचे चिक सोडलेत. म्हणजे काच घेतली पैसे मोजून आणि ती झाकली पैसे मोजून.

दक्षिणेला मात्र साधा दोन फुटी छज्जा काय काम करतो बघ. उन्हाळ्यात दुपारचा सूर्य इतका डोक्यावर असतो, की दक्षिणेच्या खिडकीत ऊन येतच नाही. कर्कवृत्त आमच्या उत्तरेला असल्यामुळे जूनमध्ये तो भरदुपारी किंचित उत्तरेकडेही कलतो. डिसेंबरात मात्र जेमतेम ४४ अंशांवर येतो आणि चार फुटी खिडकीचा खालचा अर्धा भाग उन्हाने भरतो. आईची खुर्ची तिथेच असते. मावळतीचा सूर्य सरळ समोरून येतो, त्याला छज्जा काय करणार? म्हणून पश्चिमेला खिडकी लहान ठेव.

ठेव, पण बंद करू नकोस. आमच्याकडे उन्हाळ्यात वाराही पश्चिमेचाच. शब-ए-मालवा, माळव्याची रात्र, म्हणतात ते उगाच नाही. मे महिन्यात दिवसा चाळीस, तर पहाटे पंचवीसच्या आसपास. रात्री नऊला सगळं उघडायचं, जिन्याच्या वरच्या झडपासुद्धा, आणि सकाळी आठला घर डबीसारखं बंद करायचं. नागपूरला हे असंच चालेल असं समजू नकोस, तुमच्या मे महिन्यातल्या रात्रीही तापलेल्याच. तुला भर द्यावा लागेल तो सावलीवर आणि छतावर.

छताचं खरंच मनावर घे. स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्री दहाला खोलीत ओकते. आम्ही विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवल्या. दुकानदार तुटका माल स्वस्तात देतात. जुन्या साडीच्या सावलीत दोन बायका आठवडाभर एकेक टाइल हातोडीने फोडत होत्या. रंगीत तुकडे बाजूला काढायला सांगितलं होतं. तरी टाकीजवळ निळ्या फुलाचा एक बसलाच. मुलगी पाहुण्यांना आधी तोच दाखवते. दुपारी डोळे दिपतात, पण अनवाणी चालता येतं. धूळ बसली की गुण कमी होतो, धुवावं लागतं.

केंद्राची २०१८ची इको-निवास संहिता, म्हणजे घरांत वीज वाचवण्याची नियमावली, म्हणते, छतातून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. नुसती सहा इंची स्लॅब याच्या दुपटीहून जास्त सोडते. कोब्याखाली इन्सुलेशनचा थर हवाच होता. ते पैसे कुठे गेले, ते ओळख.

परवा अरण्य वसाहतीत गेलो होतो. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी आखलेली, ते जन्माने पुण्याचे. १९९५ साली तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. लहान लहान घरं एकमेकांना खेटून उभी, शेजाऱ्याच्या भिंतीला लागलेल्या भिंतीवर ऊन पडणार कुठून? आम्ही ऐटीत चारी बाजूंना जागा सोडली आणि चारी भिंती उन्हात उभ्या केल्या. नियमही होता म्हणा.

आता तुझं सोलर. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट गच्ची लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण आधी पंखे बदल. साधा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तीसेक वॉटमध्ये भागवतो. घर थंड राहिलं तर तीन किलोवॅटमध्ये निभावेल, नाहीतर पाचही अपुरे पडतील.

तुझ्या नकाशात पश्चिमेला बाल्कनीचा मोठा सरकता दरवाजा दाखवलाय. त्यावर मी लाल पेनने फुली मारून नकाशा परत पाठवतोय. रागावू नकोस. रागावलास तर मे महिन्यात ये, चार वाजता जिन्यात उभा करतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
दिग्या