जुना हब पाठवत नाही, त्याबद्दल

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "जुना हब टाकू नकोस, नाशिकला पाठव, इथे वापरू." मी "बघतो" म्हणालो आणि विषय बदलला. माझ्या "बघतो"चा अर्थ बाबांना चांगला ठाऊक आहे, म्हणून नीट लिहितो. फोनवर सांगायला गेलं की मध्येच आई "जेवलास का" विचारते आणि मुद्दा तिथेच राहतो.

आधी आईसाठी थोडंसं. हब म्हणजे घरातल्या दिव्यांचा, स्विचांचा, दारावरच्या सेन्सरचा कारभारी. सेन्सर त्याला कळवतो की दार उघडलं, आणि तो ओट्यावरच्या दिव्याला हुकूम सोडतो. आमच्या जुन्या हबची गंमत अशी की हा कारभारी वाड्यात राहतच नव्हता. घरातला पांढरा डबा नुसता निरोप्या होता. खरा कारभारी कंपनीच्या सर्व्हरवर, कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात. जिन्यातला दिवा लावायचा निरोप तिकडे जायचा, तिकडून परत यायचा, मग दिवा लागायचा. इंटरनेट ठीक असेपर्यंत हे जाणवतसुद्धा नाही. ते गेलं की सेन्सर आणि दिवा दहा फुटांवर असूनही एकमेकांना अनोळखी. पुढे कंपनीने कळवलं की या मॉडेलची सेवा बंद होणार, नवा हब घ्या. नवा घेतला, पण त्यांचा नाही.

बाबा, तो न पाठवण्याचं पहिलं कारण तुमच्या विषयातलं आहे. आमचं कुलूप आणि बरेचसे स्विच झेड-वेव्ह नावाच्या रेडिओवर चालतात. त्याची फ्रिक्वेन्सी देशागणिक बदलते: अमेरिकेत ९०८.४२ मेगाहर्ट्झ, भारतात ८६५.२. म्हणजे इथला हब तिथल्या स्विचशी बोलूच शकत नाही. "मग स्विचही इथलेच आण" असं तुम्ही म्हणणार, हे ओळखून सांगतो: भारतात ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या संदेशांचा आहे. आपण त्यात बडबड करायची नाही. शिवाय हबचा ॲडॉप्टर दोन्हीकडे चालला तरी इथले बल्ब आणि प्लग १२० व्होल्टचे. ते २३०वर लावले तर काय होईल, हे विजेच्या उपकेंद्रात आयुष्य काढलेल्या माणसाला मी सांगायला नको.

दुसरा रेडिओ झिग्बी. तो २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि तो पट्टा जगभर सारखाच. त्यामुळे दाराला लावायचे झिग्बी सेन्सर, जे नाण्याएवढ्या सेलवर चालतात, ते मी येताना आणतो. त्यांना व्होल्टेजची अडचण नाही. बाबांना अगदीच रिकाम्या हाती ठेवायला नको.

आता दुसरं कारण, आणि माझ्या मते हेच मोठं. कुठलीही वस्तू घ्यायची झाली की तुमचा ठरलेला प्रश्न असतो: "आणि कंपनी बुडाली तर?" आम्ही लहानपणी त्यावर हसायचो. या धंद्यात तो प्रश्न पहिला विचारायला हवा. रिव्हॉल्व्ह नावाचा एक हब होता, तीनशे डॉलरचा. २०१४ मध्ये नेस्ट कंपनीने रिव्हॉल्व्ह विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. हब बिघडला नव्हता, पण त्या दिवसापासून लोकांकडे उरला तो नुसता डबा. लोज या मोठ्या हार्डवेअर दुकानांच्या साखळीने आयरिस नावाची व्यवस्था विकली आणि मार्च २०१९च्या अखेरीस गुंडाळली. त्यांनी निदान काही ग्राहकांना पैसे परत देण्याची सोय केली. विंक नावाच्या हबचं तऱ्हेवाईकच. मासिक वर्गणी नाही म्हणून लोकांनी तो घेतला, आणि मे २०२० मध्ये कंपनीने सांगितलं की आठवड्याभरात महिन्याला ४.९९ डॉलर भरायला लागा, नाहीतर सेवा बंद. ओरडा झाल्यावर मुदत वाढवली, पण वर्गणी काही मागे घेतली नाही.

इन्स्टिऑन या कंपनीची गोष्ट खास तुमच्यासाठी. त्यांची उपकरणं रेडिओवरून आणि घरातल्या विजेच्या तारांवरूनही एकमेकांशी बोलायची. तुमच्या उपकेंद्रात उच्चदाबाच्या लाइनवरून पीएलसीसीचं (विजेच्या तारांवरूनच निरोप पाठवण्याचं) बोलणं चालायचं, त्याच जातीची कल्पना. घरासाठी ही कल्पना नवी नव्हती. १९७५ मध्ये तयार झालेली एक्स-टेन नावाची पद्धत तारांवरूनच दिवे चालवत होती. तर एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर एकाएकी गप्प झाले, सूचनाही न देता. ॲप बंद, लांबून काही करायचं तेही बंद. पण ज्यांनी स्विच आणि दिवे आपसात थेट जोडून ठेवले होते, त्यांचे दिवे लागत राहिले. पुढे जूनमध्ये ती व्यवस्था तिच्याच काही वापरकर्त्यांनी विकत घेऊन पुन्हा सुरू केली. या सगळ्या हकिकतींमध्ये मला हीच सर्वांत बोलकी वाटते.

म्हणून या वेळी हब निवडताना मी एकच परीक्षा लावली. इंटरनेटची तार उपटायची आणि बघायचं की घर चालतं का. बाकीचं, म्हणजे ॲप किती छान दिसतं, किती रंगांचे दिवे, हे नंतर. त्यात होम असिस्टंट उतरला. पाउलस स्हौटसेन नावाच्या माणसाने २०१३ मध्ये त्याची सुरुवात केली. सॉफ्टवेअर सर्वांना खुलं आहे, घरातल्याच छोट्या संगणकावर चालतं, आणि २०२४ पासून ते एका ना-नफा संस्थेच्या ताब्यात आहे, म्हणजे उद्या कुणी विकत घेऊन टाळं ठोकेल ही धास्ती कमी. हुबिटॅट हाही घरातल्या घरात चालणारा हब आहे आणि त्याचे चाहते काही चुकीचे नाहीत. सॅमसंगने २०१४ मध्ये घेतलेल्या स्मार्टथिंग्जनेही अलीकडे बरीच कामं सर्व्हरवरून घरातल्या हबवर आणली आहेत. म्हणजे वारं योग्य दिशेला वाहतंय.

एका हबवरून दुसऱ्यावर जाणं मात्र वैतागाचं काम, हे आधीच सांगतो. घर बदलताना सामान ट्रकमध्ये भरता येतं, इथे तसं नाही. प्रत्येक उपकरण जुन्या हबमधून काढायचं आणि नव्याशी त्याची नव्याने ओळख करून द्यायची. झेड-वेव्हचं उपकरण रीतसर काढलं नसेल तर नवा हब त्याला घेतच नाही. सुदैवाने ते काढण्याचं काम कुठल्याही झेड-वेव्ह हबकडून करून घेता येतं, जुनाच लागतो असं नाही. आणि "रात्री दहानंतर जिन्यात कुणी आलं तर दिवा मंद लागावा" असले जे नियम वर्षानुवर्षं साचले होते, ते एका हबमधून दुसऱ्यात जात नाहीत. ते हाताने पुन्हा लिहायचे. लिहिताना कळलं की निम्म्या नियमांची कुणालाच गरज नव्हती. तुमच्या सुनेने यादीवर नजर टाकली आणि सरळ रेघा मारल्या.

मी दोन्ही हब काही दिवस शेजारी-शेजारी चालू ठेवले आणि एकेक खोली हलवली. खोलीतही आधी भिंतीतले स्विच आणि प्लग, मग सेलवरचे सेन्सर. कारण विजेवर चालणारी उपकरणं दुसऱ्यांचे निरोप पुढे पोचवतात. ती जागेवर नसतील तर लांबच्या सेन्सरचा आवाज हबपर्यंत पोचत नाही. स्वयंपाकघर सर्वांत शेवटी. त्याचं कारण तांत्रिक नाही, तुमची सून आहे.

आता नाशिकच्या घराचं. बाबा, तुमच्या उत्साहावर पाणी नाही टाकत, पण आपल्याकडे स्मार्ट बल्ब नकोत. वीज जाऊन परत आली की यातले पुष्कळ बल्ब आपोआप पूर्ण उजेडात लागतात. ते बदलायची सोय काहींत असते, काहींत नसते. पहाटे तीनला वीज आली आणि सगळं घर लखलखलं तर आई मला इथपर्यंत ऐकू येईल असं बोलेल. त्यापेक्षा स्विचबोर्डाच्या आत बसणारे छोटे रिले, म्हणजे हबच्या हुकमाने चालू-बंद होणारे स्विच, बरे. भिंतीवरचं बटण आहे तसंच राहतं आणि चालतं. त्यांतल्या बहुतेकांना न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, लागते. इथल्या जुन्या घरांत स्विचच्या डब्यात न्यूट्रल नसते म्हणून लोक डोकं धरून बसतात. आपल्याकडे बहुतेक बोर्डांवर सॉकेटही असतो, त्यामुळे न्यूट्रल तिथे असणारच. पंख्याला दिव्याचा डिमर लावायचा नाही. गीझरला १६ अँपिअरचाच रिले, आणि मला विचाराल तर त्याच्या पुढे काँटॅक्टर, म्हणजे मोठा करंट झेपणारा स्विच. टाकीच्या मोटारीला तर स्मार्ट प्लगबिग काहीच नको. सुरू होतानाचा तिचा करंट किती, ते तुम्ही मला दहावीत शिकवलं होतं.

घेताना खोक्यावर मॅटर लिहिलेलं मिळालं तर उत्तम. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲमेझॉन, ॲपल, गुगल, सॅमसंग अशा एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्यांनी मिळून हे मानक आणलं. एकच उपकरण एकाच वेळी दोन वेगळ्या व्यवस्थांना जोडता येतं, आणि घरातल्या घरात हुकूम चालतो. उद्या तुम्हाला हब बदलावासा वाटला तर माझ्याइतकी हमाली करावी लागणार नाही.

हब कोणता, यावर मी बराच अडलो. सोपं होतं ते असं: डिसेंबरात येताना होम असिस्टंटचं ग्रीन नावाचं छोटं यंत्र आणायचं (२०२३ मध्ये आलं तेव्हा ९९ डॉलर, झिग्बीच्या रेडिओची यूएसबी काडी वेगळी), बसवायचं, आणि मग इथून मी चालवायचं. पण मग फरक काय झाला? कारभारी कंपनीच्या सर्व्हरवरून उठून एडिसनला येऊन बसला, एवढंच. मी कामात असलो, झोपलो असलो, की तुमचा दिवा माझ्या भरवशावर. तेव्हा यंत्र आणतो, पण त्याचे मालक बाबा. खातं बाबांच्या नावाने, पासवर्ड बाबांचा. दर महिन्याला नवी आवृत्ती येते, ती घ्यायची की थांबायचं हे बाबा ठरवणार, आणि घेण्याआधी बॅकअपची प्रत पेन ड्राइव्हवर. ताई म्हणाली, "बाबांना या वयात कशाला?" मी म्हणालो, ज्यांनी आख्ख्या उपकेंद्राचे सिंगल लाइन डायग्राम तोंडपाठ ठेवले त्यांना चार रिले जड नाहीत. (राज्य वीज मंडळाचे २००५ मध्ये तुकडे झाले तरी तुम्ही अजून "मंडळ" म्हणता, तेवढं सोडलं तर तुमची स्मरणशक्ती अद्ययावत आहे.) राउटर आणि हे यंत्र दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, खातात अगदी थोडं.

नियम तीनच ठेवू. गीझर अर्ध्या तासाने आपोआप बंद. आई, तू विसरतेस असं माझं म्हणणं नाही, बाबांचं आहे. रात्री उठलात तर बाथरूमच्या वाटेवरचा दिवा मंद लागेल. ओट्यावरचा दिवा तिन्हीसांजेला. देवघराला कुणीही हात लावणार नाही. हुकूम तोंडी द्यायचा भोंगा हवाच असेल तर ॲलेक्साला २०१९ पासून हिंदी येतं, पण तू तिच्याशी मराठीतच बोलणार आणि ती भलतंच काही लावणार, म्हणून मी आग्रह धरत नाही.

हॉलमध्ये कॅमेरा लावायची सूचना घरातूनच आली आहे, तुम्हाला माहीत आहे कुणाची. मी नाही म्हणून सांगितलं. तुम्ही कधी उठता, कोण आलं, आईने दुपारी किती वेळ डोळा लावला, हे मला दिसायचं कारण नाही. दाराच्या सेन्सरचं वेगळं आहे. सकाळी दुधाच्या वेळी दार उघडलं की मला नुसता एक संदेश येईल, आत काय चाललंय ते नाही. दहापर्यंत उघडलं नाही तर मी फोन करीन. मला हे हवंसं वाटतं, खरं सांगतो. पण दार तुमचं आहे, त्यामुळे तुम्ही नको म्हटलंत तर तो सेन्सर फक्त ओट्यावरचा दिवा लावेल, मला काही कळवणार नाही.

बाबा, तोपर्यंत काही मागवू नका, सवलतीच्या सेलची जाहिरात कितीही आली तरी. मेन बंद करून हॉलचा, बेडरूमचा आणि गीझरचा बोर्ड उघडा आणि आतले फोटो पाठवा. डब्याची खोली पट्टीने मोजून लिहा, कारण रिले बसायला मागे जागा लागते. गीझर किती वॅटचा आहे तेही त्याच्या पाटीवरून वाचा, अंदाजाने नको. आई, दाराच्या सेन्सरचं तू ठरव आणि तूच कळव. बाबांनी परस्पर "चालेल" म्हटलेलं मी धरणार नाही.

तुमचा,
धाकटा