क्लोझापिन, बिडी आणि डिस्चार्ज कार्ड

संपादक महोदय,

येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत स्किझोफ्रेनियावर दोन औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे देऊनही गुण आला नाही, की क्लोझापिनचा विचार होतो. सुरुवात १२.५ मिलिग्रॅमने, मग सावकाश वाढ. पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असल्याने पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. ताप किंवा घसादुखी झाली तर त्याच दिवशी.

हे सांगितले जाते, पण बिडीचे राहून जाते. धुरामुळे यकृत हे औषध झपाट्याने संपवते. वॉर्डात धूम्रपान बंद असताना बसवलेली मात्रा घरी बिडी सुरू होताच अपुरी पडते आणि भास परततात. उलट बिडी अचानक सुटली तर गुंगी येते, फिटही येऊ शकते. (हा परिणाम धुराचा आहे, मळून खाल्लेल्या तंबाखूने तो होत नाही.)

गोळ्या ४८ तासांहून अधिक चुकल्या तर जुनी मात्रा थेट देऊ नये, पुन्हा १२.५ पासून चढावे. या औषधाने होणाऱ्या बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष झाले तर तेही जिवावर बेतू शकते.

डिस्चार्ज कार्डावर रोजच्या बिड्या, शेवटच्या गोळीची वेळ आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची शेवटची संख्या लिहिलीच पाहिजे. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यावाचून मात्रा ठरवायची कशी?

– मनोरुग्णसेवेतील परिचारिका व औषधनिर्माते, पुणे