टेंबलाईच्या टेकडीचे जुने फोटो, कागद आणि आठवणी द्या : वाडीकरांना कळकळीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

दोन महिन्यांपूर्वी विक्रमनगरातल्या एका आजींच्या घरी गेलो होतो. ट्रंकेत तळाला त्यांच्या लग्नाचा फोटो होता, काळा-पांढरा, तळहाताएवढा. नवरा-नवरी टेंबलाईच्या पायऱ्यांवर उभे. मागे आज घराला घर लागून आहे, तिथं नुसता माळ. एक बाभळ, दोन शेळ्या, बाकी मुरूम आणि आभाळ. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता. आजी हळूच सोडवायला गेल्या आणि नवरीच्या चेहऱ्याचा पापुद्रा काचेवरच राहिला. "ऱ्हाऊ दे बाबा, आता कोन बघतंय," म्हणाल्या आणि ट्रंक लावून घेतली.

त्या माळाचा दुसरा फोटो आम्हाला अजून कुणाकडं सापडलेला नाही. त्या दिवशीच ठरवलं, आता थांबायचं नाही.

कोल्हापूरचा इतिहास म्हटला की अंबाबाई, जुना राजवाडा, रंकाळा, पेठा आणि तालमी. त्यात आपली टेकडी येते ती ललितापंचमीच्या दिवशी. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष यानं देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकलं, त्र्यंबोलीनं, म्हणजे आपल्या टेंबलाईनं, त्यांना सोडवलं आणि विजयाच्या सोहळ्याला तिलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली, शहराकडं पाठ फिरवून टेकडीवर येऊन बसली. मग अंबाबाई स्वतः लवाजमा घेऊन समजूत काढायला आली. आजही आश्विन शुद्ध पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला येते, तुळजाभवानीची आणि गुरुमहाराजांचीही येते. कुमारिकेच्या हातून कोहाळा फुटतो आणि त्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते. कॅमेरे असतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. संध्याकाळी पालख्या परत फिरतात आणि टेकडी पुन्हा आपली एकट्यांची होते. उरलेल्या वर्षाची नोंद कुणी ठेवायची? ती आपणच ठेवायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आषाढाचंच बघा. पंचगंगेला नवं पाणी आलं की मंगळवारी आणि शुक्रवारी गल्ल्यागल्ल्यांतून, तालमी-मंडळांतून जत्रा निघते. डोक्यावर कडुलिंबानं सजवलेले कलश, पुढं पी-ढबाक ही वाद्यं, आणि ते नदीचं गढूळ पाणी टेकडी चढून देवीच्या पायऱ्यांवर ओतायचं. गोडा निवद, खारा निवद, मग गल्लीत पंगत. हे सगळं शहर आपल्या दारावरून जातं. कुणाच्या घरी वाटेत ताक-पाणी ठेवलं जायचं, कुठल्या घरातल्या बायका कळशी उतरवून क्षणभर टेकायच्या, कोण पी वाजवायचं, पायऱ्या नव्हत्या तेव्हा कुठल्या पाऊलवाटेनं चढायचे, हे सांगणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यातली दोन गेली. आम्ही त्यांच्याकडं "पुढच्या रविवारी येतो" म्हणून गेलोच नव्हतो. याची खंत अजून जात नाही.

टेकडीखालच्या वस्तीचं पोट तर बहुतेक टेकडीच्या बाहेरच भरलं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली सुरू केलेली शाहू मिल खाली हाकेच्या अंतरावर, आणि उद्यमनगरचे कारखाने, जिथं ऑइल इंजिनांचे भाग ओतले आणि घासले गेले. आपल्याकडच्या कित्येक घरांत आजोबा मिलमध्ये साच्यावर, बाप फौंड्रीत आणि नातू शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, अशा तीन पिढ्या सापडतात. तिकडं सागरमाळावर १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. विद्यापीठाचा इतिहास लिहिला गेला आहे. पण आवारातल्या इमारतींसाठी दगड कुणी फोडला, गवंडी कुठून आले, बिगारी बायका मुलांना कुठं झोपवून कामाला जायच्या, हे फक्त घराघरात आहे. टेकडीवर प्रादेशिक सेनेची १०९ मराठा बटालियन आहे. तिथून निवृत्त झालेल्या जवानांच्या घरीही फोटो असतीलच.

आता एक उदाहरण देतो, ते आम्हाला फार लागलं. इथून पूर्वेला वळिवडे. १९४३ ते १९४८ या काळात तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, त्यात बाया आणि मुलंच जास्त. पाच वर्षं राहिली आणि गेली. पण त्यांनी फोटो जपले, पत्रं जपली, आठवणी लिहून काढल्या. २०१९ साली त्यांच्यातले म्हातारे झालेले लोक कोल्हापूरला आले, तेव्हा आपलं बालपण कुठल्या बराकीत गेलं हे ते सांगू शकत होते. परमुलखातली माणसं पाच वर्षांच्या मुक्कामाची इतकी आठवण ठेवतात. आपण इथं पिढ्यान् पिढ्या राहतो आणि आपल्या वाडीत पहिला नळ कधी आला, यावर दोन घरांचं एकमत होत नाही!

पाण्यावरून आणखी एक. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी मागं टाकली. आपण उंचावर असल्यामुळं वाचलो, पण नदीकडच्या भागात राहणारे आपलेच पाहुणे कपाटातले अल्बम गाळातून काढत होते. ओला फोटो उन्हात वाळवला की तो गोळा होतो, आणि एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवले की दोन्ही जातात. आपल्याकडं पूर नाही, पण वाळवी आहे, ओल आहे आणि घर बांधताना "जुना कचरा" म्हणून भंगारात जाणाऱ्या ट्रंका आहेत.

म्हणून वस्तीतल्या सगळ्या मंडळांनी मिळून टेकडीच्या परिसराचा संग्रह करायचं ठरवलं आहे. आम्हाला काय हवंय? टेकडी मागं दिसते असा कुठलाही फोटो, मग तो बारशाचा असो की गणपतीचा. मिलचं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, रेशनकार्ड, घरफाळ्याची पावती, प्लॉट घेतल्याचा कागद, मंडळाचं जुनं पावतीपुस्तक, शाळेचा दाखला, जत्रेचं पत्रक. त्यात काही विशेष नाही असं वाटलं तरी दाखवा. परवा एका घरात घरफाळ्याच्या पिवळ्या पडलेल्या पावत्या दोऱ्यात ओवून खुंटीला टांगलेल्या मिळाल्या. त्या गड्ड्यावरून आख्खी गल्ली कशी वाढत गेली ते उलगडलं.

तुमची वस्तू आम्ही नेणार नाही. हे ठामपणे सांगतो, कारण काही वर्षांपूर्वी वाडीतल्या एका कुटुंबानं प्रदर्शनासाठी म्हणून दिलेला आजोबांचा एकुलता एक फोटो त्यांना परत मिळालाच नाही. तेव्हापासून लोक कागद दाखवायला घाबरतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. आमची पोरं स्कॅनर घेऊन तुमच्याच घरी येतील, तुमच्यासमोर स्कॅन करतील आणि मूळ कागद तिथंच तुमच्या हातात देतील. स्कॅनची एक प्रत तुम्हालाही मिळेल. घरचं काही खासगी असेल, कुणाला दाखवायचं नसेल, तर तसं सांगा. ते बाहेर जाणार नाही.

पैशांचीही गरज आहे. सपाट काचेचा चांगला स्कॅनर, दोन हार्ड डिस्क (एक इथं, एक शहरात दुसऱ्या घरी, कारण एकीचं काही झालं तर दुसरी हवीच), आवाज टिपायला साधा रेकॉर्डर, आणि आषाढात पायऱ्यांपाशी लावायच्या प्रदर्शनाचे फलक. जमेल तेवढं द्या. शंभर रुपयांचीही पावती मिळेल. आलेली आणि खर्च झालेली रक्कम दर महिन्याला वाचनालयाच्या फळ्यावर लिहिली जाईल. मंडळांनी यंदा गणपतीच्या वर्गणीतला थोडा वाटा इकडं वळवावा, ही हात जोडून विनंती.

पैसे नसतील तर वेळ द्या. कॉलेजच्या पोरापोरींनी आजी-आजोबांसमोर तासभर बसायचं, मोबाइल बंद ठेवायचा आणि ऐकायचं. आजी "मी मिलला जात होतो" म्हणाली तर "जात होतो" असंच लिहायचं, सुधारून "जात होते" करायचं नाही. आपल्या बायका अशाच बोलतात, तेही नोंदीत राहू दे. वाडीतून लग्न होऊन इचलकरंजी, सांगली, पुण्याला गेलेल्या लेकींनाही निरोप द्या. माहेरचे फोटो पुष्कळदा त्यांच्याच कपाटात असतात.

येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी नऊ ते बारा मंदिराच्या आवारात आम्ही बसणार आहोत. ज्यांना चालत येणं जमत नाही त्यांनी शेजारच्या मुलाकडून नुसतं नाव पाठवावं, आम्ही घरी येऊ. फोटो काचेला चिकटलेला असेल तर कृपा करून ओढू नका. फ्रेमसकट तसाच ठेवा, आम्ही काचेवरूनच टिपू.

आपलीच,
टेकडीखालची मंडळी