ओव्हरहेड प्रणालीतील गंजरोधक रसायनांच्या सेवेबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक सेवा विभाग,
गंजरोधक रसायने पुरवठादार कंपनी

विषय : कच्च्या तेलाच्या ऊर्ध्वपातन स्तंभाच्या पहिल्या ओव्हरहेड कंडेन्सरमध्ये क्षार साचून नळ्यांना छिद्रे पडल्याबाबत

महोदय,

आमच्या स्तंभाच्या ओव्हरहेडसाठी, म्हणजे माथ्यावरून निघणारी वाफ थंड करणाऱ्या भागासाठी, न्यूट्रलायझर (आम्ल निष्प्रभ करणारे अमाइन, म्हणजे अमोनियासारखे अल्कधर्मी रसायन) आणि फिल्मिंग इन्हिबिटर (धातूवर संरक्षक थर देणारे रसायन) ही दोन्ही रसायने आपली कंपनी गेली दोन वर्षे पुरवत असून त्यांचा डोस ठरवण्याची आणि दरमहा अहवाल देण्याची जबाबदारीही करारानुसार आपलीच आहे. गेल्या महिन्यात पहिला कंडेन्सर गळू लागल्याने आम्हाला युनिट थांबवावे लागले. नळ्यांचा संच (बंडल) बाहेर काढल्यावर वाफ जिथून आत शिरते त्या बाजूच्या नळ्यांवर पांढरट-हिरवट क्षाराचा थर आढळला आणि तो पाण्याने धुतल्यावर खाली खोल खड्डे दिसले, तर पाणी पूर्णपणे द्रवरूप झालेले असते त्या टोकाच्या नळ्या जवळजवळ शाबूत होत्या. त्याच महिन्याच्या आपल्या अहवालात मात्र ‘प्रणाली नियंत्रणात आहे’ असे लिहिलेले आहे.

हा शेरा ज्या आकड्यांवर आधारलेला आहे ते खोटे आहेत असे आमचे म्हणणे नाही. ओव्हरहेड ड्रमच्या बूटमधील (तळाशी पाणी साचते त्या कप्प्यातील) पाण्याचा पीएच खरोखरच 6 च्या आसपास होता आणि लोहही 1 पीपीएमच्या आत होते. आमची तक्रार अशी आहे की आपण हे आकडे चुकीच्या जागेचा पुरावा म्हणून वापरले. डीसॉल्टरमधून (कच्च्या तेलातील क्षार पाण्याने धुऊन काढणाऱ्या यंत्रातून) सुटलेल्या मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडचे भट्टीच्या तापमानाला जलअपघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू तयार होतो. तो कोरडा असेपर्यंत कार्बन स्टीलला फारसा त्रास देत नाही. पाण्याचे पहिले थेंब जमतात तिथे मात्र तो त्यांत विरघळून पीएच 1 ते 2 पर्यंत उतरवू शकतो. त्याच्याही आधी, म्हणजे पाण्याच्या दवबिंदूपेक्षा अधिक तापमानाला, हाच वायू अमोनियाशी किंवा आपल्या अमाइनशी संयोग पावून थेट घन क्षाराच्या रूपात नळीवर बसू शकतो. असा क्षार ओलावा शोषतो आणि त्याच्याखाली धातू खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ला जातो. हे सारे बूटच्या बऱ्याच वर घडते. बूटपर्यंत पोचलेल्या भरपूर पाण्यात त्याचा मागमूस राहतोच असे नाही, आणि हायड्रोजन सल्फाइडच्या सान्निध्यात लोहाचा काही भाग आयर्न सल्फाइड होऊन आधीच बसलेला असल्याने विरघळलेले लोह कमीच दिसते. आपले कूपनही (क्षरण मोजण्यासाठी ठेवलेल्या धातूच्या पट्ट्या) कंडेन्सरच्या पुढच्या सरळ पाइपमध्ये बसवलेले आहेत, मग त्यांवर काही दिसणार तरी कसे?

आता आमच्या बाजूचे सांगतो. केरोसिनचे उत्पादन वाढवण्यासाठी आम्ही स्तंभाचे शीर्ष तापमान 8 अंश सेल्सिअसने कमी केले होते. हा निर्णय आमचा होता आणि त्याची जबाबदारी आम्ही झटकत नाही. परंतु बदलाच्या आधी आम्ही आपल्याला लेखी कळवले होते आणि क्षारबिंदू (ज्या तापमानाला क्षार घनरूपात बसू लागतो) व दवबिंदू (ज्या तापमानाला पाणी जमू लागते) यांचे गणित नव्याने करून देण्याची विनंती केली होती. दवबिंदूपासून साधारण 14 अंशांचे अंतर राखण्याची जी प्रथा आहे तिला धक्का लागत नाही ना, एवढे उत्तरही आम्हाला पुरेसे होते. त्या पत्राला आजवर उत्तर आलेले नाही.

याहून गंभीर बाब पुढे घडली. बूटचा पीएच काही दिवस 5.5 च्या खाली गेला, तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी डीसॉल्टरची कामगिरी न तपासताच न्यूट्रलायझरचा डोस वाढवण्याची शिफारस केली. वाफेतील अमाइनचे प्रमाण वाढले की क्षारबिंदूही वर सरकतो, हे आपल्या तंत्रज्ञांना आम्ही सांगण्याची गरज नसावी. पीएच सुधारला आणि त्या सुधारणेचा दाखला देत त्याच प्रतिनिधींनी वॉश वॉटर (क्षार धुण्यासाठी ओव्हरहेडमध्ये सोडले जाणारे पाणी) कमी करण्यास सुचवले. इंजेक्शनच्या ठिकाणी टाकलेल्या पाण्यापैकी किमान चतुर्थांश तरी वाफ न होता द्रवरूप उरावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्याहून कमी पाण्याने क्षार धुतला जात नाही, नुसता ओला होतो, आणि ओला क्षार हा कोरड्या क्षारापेक्षा कितीतरी घातक असतो. ही शिफारस मुकाट्याने मान्य केली याची खंत आम्हाला आहेच.

आणखी एक मुद्दा. आमचे डीसॉल्टरचे धुण्याचे पाणी सावर वॉटर स्ट्रिपरमधून (ओव्हरहेडसारख्या ठिकाणचे दूषित पाणी वाफेने शुद्ध करणाऱ्या यंत्रातून) येते, हे आपल्याला पहिल्या सर्वेक्षणापासून ठाऊक आहे. त्या पाण्यातून परत आलेले अमाइन, पीएच चढा असल्यास, तेलात शिरून पुन्हा स्तंभाच्या माथ्यावर पोचते. म्हणजे पंपाने दिलेला डोस आणि ओव्हरहेडमध्ये प्रत्यक्षात असलेले अमाइन हे दोन वेगळे आकडे आहेत. चोवीस अहवालांपैकी एकाही अहवालात या परतणाऱ्या अमाइनचे विश्लेषण नाही.

तरी सध्याच्या आणि आधीच्या अशा दोन्ही शीर्ष तापमानांसाठी, परतणारे अमाइन धरून, क्षारबिंदूचे गणित आपण लेखी द्यावे. या अमाइनचा क्षारबिंदू आमच्या तापमानाला जुळत नसेल तर ज्याचा क्षार याहून कमी तापमानालाच बसतो असे दुसरे न्यूट्रलायझर सुचवावे. फिल्मिंग इन्हिबिटरचा डोस वाढवण्याचा प्रस्ताव कृपया पाठवू नये, कारण क्षाराच्या थराखाली त्याचा थर पोचत नाही आणि जादा डोसाने ड्रममध्ये पाणी व नाफ्था वेगळे होण्यास अडथळा येतो. करारात वर्षाला 0.125 मिमीपेक्षा कमी क्षरणाची हमी आहे. पहिल्या कंडेन्सरच्या नळ्यांची जाडी त्या मर्यादेपलीकडे घटल्याच्या अल्ट्रासॉनिक नोंदी सोबत जोडल्या आहेत. त्यांच्या आधारे नव्या बंडलच्या खर्चाबाबत आपली भूमिका 15 दिवसांत कळवावी.

थरातून काढलेला क्षार हवेत उघडा राहिल्यास ओलावा ओढून बदलतो, म्हणून त्याचे नमुने कोरड्या, सीलबंद बाटल्यांत ठेवले आहेत. आपल्या रसायनतज्ज्ञांनी ते आमच्या प्रयोगशाळेत, आमच्या उपस्थितीत उघडून क्लोराइड, अमोनिया व अमाइन यांचे विश्लेषण करावे. तोपर्यंत न्यूट्रलायझरचा डोस वाढीपूर्वीच्या पातळीवर आणि वॉश वॉटर कपातीपूर्वीच्या प्रमाणात ठेवण्याच्या सूचना आम्ही नियंत्रण कक्षाला दिल्या आहेत.

आपला विश्वासू,
प्रक्रिया अभियंता, कच्चे तेल ऊर्ध्वपातन युनिट

सोबत : जाडी मोजणीच्या नोंदी, शीर्ष तापमान बदलाबाबतच्या पत्राची प्रत, नळ्यांची छायाचित्रे