पोळ्याआधी गायीच्या पोटाबद्दल थोडं छापा

संपादक साहेब, नमस्कार.

पोळा तोंडावर आला, मग गणपती, मग गल्लोगल्ली महाप्रसाद, म्हणून आत्ताच लिहून राहिलो, नंतर लिहून काही उपयोग नाही. मागच्या वर्षी आमच्या मानेवाड्याकडच्या लेआउटमध्ये महाप्रसाद झाला, भात, पोळ्या, बुंदी बरीच उरली आणि रात्री ती नालीजवळ टोपल्यानं ओतून दिली, तेवढंच गायीच्या पोटात जाईल, वाया नको जायला असं सगळेच म्हणाले, मीही म्हणालो. आमच्या गेटवर रोज सकाळी एका पोळीसाठी थांबणारी तांबडी गाय रात्रभर तिथेच खात होती. सकाळी ती एका जागी मान टाकून उभी, दात करकर खात होती, रवंथ बंद. संध्याकाळपर्यंत खाली बसली, शेण पाण्यासारखं पातळ आणि आंबट वासाचं. डॉक्टर आले, त्यांनी डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागावर, मूठ दाबून हलवली तर आतून डबक्यात पाणी हलल्यासारखा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी गेली बिचारी. डॉक्टरांनी सांगितलं की ती आमच्या त्या भातानंच गेली, आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही.

माझं लहानपण काटोलकडच्या खेड्यात बैलांमध्ये गेलं. आजोबा पहाटे गोठ्यात गेले की आधी बैल रवंथ करून राहिला का ते पाहायचे, चारा-पाणी नंतर. का पाहतात हे मी कधी विचारलं नाही, ते आता या वयात डॉक्टरांना विचारून आणि वाचून समजलं.

आपल्याला वाटतं गाय कडबा पचवते. खरं म्हणजे गायीला स्वतःला कडबा पचवताच येत नाही, आपल्यालाही येत नाही. तिच्या पोटाचे चार कप्पे, त्यातलं पहिलं कोठीपोट सगळ्यात मोठं, मोठ्या गायीत 100 ते 150 लिटरचं, म्हणजे घरचा पाण्याचा ड्रम डोळ्यापुढे आणा. त्यात आंबवणाचं काम चोवीस तास चालू असतं आणि ते करणारे असतात जिवाणू, एका मिलीलिटरमध्ये 1000 कोटींच्या घरात. कडबा-कुटार ते फोडतात, त्यातून जी आम्लं तयार होतात (व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसिटिक आम्ल त्यात सगळ्यात जास्त) ती कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि गायीला लागणारी साधारण 70 टक्के ताकद तिथूनच मिळते. आणि हेच जिवाणू चाऱ्यासोबत वाहत चौथ्या, म्हणजे खऱ्या पोटात जातात आणि तिथं पचून जातात, तेच गायीचं प्रोटीन. कोरडं कुटार खाऊन बैल नांगर ओढतो तो या जिवांच्या भरवशावर. म्हणजे आपण चारा टाकतो तो गायीला नाही, आधी त्यांना टाकतो, हे मला कळलं तेव्हा मी खरंच थक्क झालो.

आता रवंथ. गाय चरताना घाईनं गिळते आणि मग सावलीत बसून घास परत तोंडात आणून चावत बसते, दिवसाचे सात-आठ तास. चावताना लाळ सुटते, मोठ्या गायीला दिवसाला 100 लिटरच्या वर, आणि त्या लाळेत आपल्या खायच्या सोड्यासारखा क्षार असतो, तो पोटातलं आम्ल मारतो. कोठीपोटाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) 6 ते 7 मध्ये राहतो तो त्याच्यामुळे.

आणि भात? भाताला चावायचं काय असतं? चावणं नाही म्हणून रवंथ नाही, रवंथ नाही म्हणून लाळ नाही, आणि तिकडे पोटात भात, मैदा, साखर जिवाणूंना इतकं सोपं खाणं की भराभर आंबतं, लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू एका रात्रीत माजतात, पीएच 5.5 च्या खाली जातो, कडबा फोडणारे मरतात. आम्लाच्या जोरानं रक्तातलं पाणी पोटात ओढलं जातं, म्हणून तो डबक्याचा आवाज, गाय पाण्यानं भरलेली असते आणि आतून सुकून मरते. वाचली तरी कित्येकींचे खूर सुजतात, लंगडतात. रोजची एक पोळी पोटाला सहज चालते, आई अजून पहिली पोळी गायीला काढते ती काढूच द्या. घात होतो तो एकदम टोपलंभर दिल्यानं.

पोळ्याला पण हेच होतं. आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकून आपण म्हणतो, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. वर्षभर राबतो तो, त्याला जेवू घातलंच पाहिजे, त्यात माझं दुमत नाही. पण पोळा फुटल्यावर बैलजोडी घरोघर फिरते, प्रत्येक दारी पुरणपोळी, कुठं दोन, कुठं गुळाचा खडा वेगळा, कोणीच हिशोब ठेवत नाही. सकाळी त्याला कडबा पोटभर घाला, उपाशी बाहेर काढू नका, आणि दारोदारी नैवेद्याचा एक घास, बाकीची पोळी घरच्यांनी खावी. बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, काय द्यायचा तो द्या.

कॅरीबॅगचंही लिहितो. 2018 पासून राज्यात बंदी आहे तरी उष्टं पिशवीत बांधूनच फेकतात. गायीला वरचे पुढचे दात नसतात, ती जिभेनं ओढून पिशवीसकट गिळते, आणि पिशवी ना सडते ना पुढं सरकते, मग पोट फाडून काढावी लागते. मंडपाच्या तारा, खिळे तर जाळीपोटात, म्हणजे दुसऱ्या कप्प्यात, जाऊन बसतात आणि त्याच्या पुढं पडद्यापलीकडे लगेच हृदय असतं. मंडप काढला की जागा झाडून घ्या, एवढं तरी करा.

कोणाच्या जनावरानं असं खाल्लंच तर बाटलीनं तेल-बिल पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. लगेच डॉक्टरला बोलवा आणि काय, किती, कधी खाल्लं ते न लपवता सांगा, पहिल्या काही तासांत बरंच करता येतं. आम्ही सकाळी नालीजवळ ओतल्याचं सांगायला लाजत होतो, त्यात अर्धा दिवस गेला.

नागपुरात 1958 पासून पशुवैद्यक कॉलेज आहे, 2000 पासून विद्यापीठ इथंच आहे. तिथल्या डॉक्टरांनी गणपती मंडळांच्या मीटिंगमध्ये येऊन दहा मिनिटं हे बोलावं अशी माझी विनंती. आमच्या लेआउटनं यंदा ठरवलं की महाप्रसादाच्या वर्गणीतून दोनशे पेंड्या कडबा घ्यायचा आणि उरलेलं अन्न मैदानातल्या खताच्या खड्ड्यात टाकून वरून माती लोटायची. साहेब, हे पत्र पोळ्याच्या आदल्या दिवशी छापता आलं तर पहा, दुसऱ्या दिवशी छापलं तर तोपर्यंत पोळ्या वाटून झालेल्या असतील.

आपला एक वाचक,
मानेवाडा, नागपूर