कोंडवाडा, ताबा, अटक आणि स्थानबद्धता

संपादक महोदय,

स. न. आपल्या दैनिकात सीमाभागातील बातम्यांना भरपूर जागा मिळते, आणि म्हणूनच त्या बातम्यांतील एका सैल सवयीकडे लक्ष वेधावेसे वाटते. मोकाट गुरे पकडली की ती ‘शेडमध्ये बंदिस्त’ होतात, गोशाळेत पाठवलेली गाय ‘डांबली’ जाते, चोरट्यांच्या ‘मुसक्या आवळल्या’ जातात, आणि बेळगावातील विधिमंडळ अधिवेशनाच्या दिवशी पकडलेले मराठी कार्यकर्ते एकाच बातमीच्या मथळ्यात ‘अटकेत’, मधल्या परिच्छेदात ‘ताब्यात’ आणि शेवटच्या ओळीत ‘स्थानबद्ध’ असतात. हा केवळ शैलीचा प्रश्न असता तर मी लेखणी उचलली नसती. कोणी, कोणत्या अधिकाराने आणि किती काळ अडकवून ठेवले, हे वाचकाला ज्या शब्दातून कळायचे, तोच शब्द येथे चुकतो.

आधी गुरांचे पाहू. कोंडवाडा ही केवळ गुरे ठेवण्याची जागा नव्हे. तिच्यामागे कायदा आहे. गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या १८७१ च्या कायद्याने पिकाची नासधूस करणारे जनावर धरण्याचा अधिकार शेतकऱ्याला दिला, पण ते चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवण्याचे बंधनही त्याच्यावर घातले. दंडाचा तक्ताही त्याच कायद्यात होता : हत्तीला २ रुपये, म्हशीला ८ आणे, गाय-बैलाला ४ आणे, शेळी-मेंढीला १ आणा. (हत्ती कोंडवाड्यापर्यंत नेणार कोण, याची तरतूद मात्र दिसत नाही.) मालक सात दिवसांत आला नाही तर नोटीस निघे, आणि त्यानंतरही सात दिवस कोणी फिरकले नाही तर जनावराचा जाहीर लिलाव होई. कर्नाटकाने पुढे १९६६ मध्ये या विषयावर स्वतःचा कायदा केला. तेव्हा ‘कोंडवाड्यात घातली’ असे छापले की दंड आणि चारापाण्याचा खर्च भरून जनावर सोडवायचे आहे, उशीर केला तर ते हातचे जाईल, हे मालकाला न सांगता कळते. ‘शेडमध्ये बंदिस्त’ या शब्दांतून त्याला काय कळणार? गोशाळेचा प्रकार तर आणखी वेगळा आहे. तेथे जनावर सांभाळण्यासाठी दिलेले असते, त्यामुळे तेथे ‘डांबणे’ हे क्रियापद शोभत नाही.

सुगी संपल्यावर चिकोडी-रायबागकडच्या रानात धनगरांचे कळप उतरतात, तेथेही हाच घोळ होऊ शकतो. संध्याकाळी खुंट्या ठोकून त्यांना वाघूर, म्हणजे जाळे, ताणतात, मेंढरे आत घेतात, लहान कोकरे डालग्याखाली (मोठ्या टोपलीखाली) झाकतात आणि कुत्री बाहेर राहतात. दुसऱ्या दिवशी वाघूर उचलून शेजारच्या पट्ट्यात लावतात, म्हणजे लेंडीखत साऱ्या वावरात सारखे पडते. त्याचा मोबदला म्हणून शेतकरी धान्य किंवा रोख रक्कम देतो. याला आपल्याकडे ‘मेंढरे बसवणे’ म्हणतात. ‘शेतात मेंढ्या कोंडल्या’ असे छापले तर ज्याला शेती ठाऊक नाही त्याला या व्यवहारात कुणावर तरी जबरदस्ती झाल्याचा वास येईल.

‘जेरबंद’बद्दल मात्र माझी तक्रार नाही. मुळात तो घोड्याने मान उडवू नये म्हणून बांधायचा पट्टा. पण पिंजऱ्यात सापडलेल्या श्वापदासाठी तो शब्द आता रुळला आहे आणि कोणाची फसवणूक करीत नाही. फक्त श्वापद खरोखर सापडलेले असावे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदान परिसरात बिबट्या शिरला, तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि शोधासाठी शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलू हत्ती छावणीतून हत्ती आणले गेले. तरी तो हाती लागला नाही. त्या दिवसांत कोंडली गेली ती मुले. ‘मुसक्या आवळल्या’ हा प्रयोग मात्र सोडून द्यावा. मुसक्या म्हणजे पाठीमागे करकचून बांधलेले दंड. संशयिताला साध्या बेड्या घालण्यावरही सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मर्यादा आणल्या आहेत, आणि आपण अजून मथळ्यांतून त्याचे हात बांधतो आहोत.

आता माणसांविषयी, कारण खरे नुकसान तेथे होते. अटक झालेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ वगळता, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते, असे राज्यघटनेचे २२ वे कलम सांगते. संभाव्य गुन्हा टाळण्यासाठी पोलीस जी प्रतिबंधात्मक अटक करतात, ती पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५१ व्या कलमाखाली होत असे. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७० व्या कलमाखाली होते, आणि दुसरा आधार नसेल तर तीही चोवीस तासांपलीकडे चालत नाही. स्थानबद्धता ही त्याहून फार गंभीर गोष्ट आहे. तीत खटला नसतो, आरोपपत्र नसते, आणि सल्लागार मंडळापुढे न जाताही तीन महिन्यांपर्यंत माणसाला आत ठेवता येते. १९५० मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांना आपल्या बेळगावच्या हिंडलगा कारागृहात ठेवले होते, ती स्थानबद्धता होती. अधिवेशनाच्या विरोधात भरणाऱ्या मराठी भाषकांच्या महामेळाव्याच्या दिवशी सकाळी गाडीत बसवून नेलेल्या आणि संध्याकाळी सोडलेल्या कार्यकर्त्यांसाठी तोच शब्द वापरला की दोन्ही घटनांचे वजन बिघडते. पोलिसांच्या कन्नड पत्रकांत ‘वशक्के’ आणि ‘बंधन’ हे शब्द वेगळे असतात, म्हणजे ताब्यात घेणे वेगळे आणि अटक वेगळी. मराठीत उतरवताना घाईत त्यांची सरमिसळ होत असावी.

उलट, जेथे कडक शब्द हवा तेथे तो गुळमुळीत होतो. उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटली नाही म्हणून ऊसतोड मजुराला मुकादमाने खोलीत कोंडले, तर बातमीत ‘थांबवून ठेवले’ असे येते. हे थांबवणे नव्हे, डांबणेच आहे. भारतीय न्याय संहितेच्या १२७ व्या कलमानुसार तो गैरपरिरोधाचा, म्हणजे बेकायदा कोंडून ठेवण्याचा गुन्हा ठरतो, आणि कर्जापोटी माणसाला कामाला जखडणाऱ्या वेठबिगारीवर तर १९७६ च्या कायद्यानेच बंदी आहे. उसाच्या पट्ट्यातील वृत्तपत्राने या ठिकाणी संकोच करण्याचे कारण मला दिसत नाही.

आपणास विनंती इतकीच की, मोकाट जनावरे धरल्याच्या बातमीत ती कोणत्या कोंडवाड्यात आहेत आणि मालकाने किती दिवसांत सोडवावीत हे द्यावे. आणि येत्या अधिवेशनाच्या वेळी कार्यकर्ते पकडले गेले तर त्यांना कोणत्या कलमाखाली, कोठे नेले आणि किती वाजता सोडले, हे पोलिसांना विचारून छापावे.

आपला,
एक वाचक, खानापूर